घरातल्या घरात उच्च दर्जाचे डिजिटल संगीत: नेटवर्कची जुळणी कशी करावी?

खर्जाची_तार

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका सोसायटीत आमचा तीन बेडरूमचा फ्लॅट आहे. घरात सहाशेच्या आसपास सीडी आहेत. त्यांतल्या बहुतेक हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताच्या असून काही नाट्यसंगीताच्या आहेत. त्यांपैकी बऱ्याचशा मी संगणकावर उतरवून फ्लॅक स्वरूपात जतन केल्या आहेत आणि विकत घेतलेल्या २४ बिट/९६ किलोहर्ट्झच्या काही फाइलही संग्रहात आहेत. हे सगळे दोन डिस्कच्या एनएएसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) ठेवले आहे. दिवाणखान्यात अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला नेटवर्क प्लेअर आहे, तर आतल्या खोलीत छोट्या स्पीकरांना जोडलेला रास्पबेरी पाय (तळहातावर मावणारा संगणक) आहे. दोन्हीही वायफायवर चालतात.

अडचणी दोन आहेत. पहिली अशी की आतल्या खोलीत ९६ किलोहर्ट्झची फाइल लावली की मध्येच आवाज तुटतो, आणि संध्याकाळी हा त्रास वाढतो. दुसरी अशी की दिवाणखान्यातला प्लेअर फोनवरच्या अ‍ॅपमध्ये कधी दिसतो, कधी दिसत नाही. ज्या दुकानातून प्लेअर घेतला, तिथे विचारले असता ‘ऑडिओ ग्रेड’ लॅन केबल आणि त्याच जातीचा स्विच (अनेक लॅन केबली एकत्र जोडणारी पेटी) घेण्याचा सल्ला मिळाला. त्या दोन्हींची किंमत ऐकून मी इथे धागा काढण्याचे ठरवले. नेमके काय बदलावे, आणि कशावर पैसे घालवू नयेत?

पॅचपॅनल

आधी थोडे गणित मांडू, म्हणजे वेगाचा मुद्दा एकदाचा निकालात निघेल. सीडीवरचा ध्वनी म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि असे दोन चॅनल. याचा गुणाकार सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, म्हणजे जेमतेम दीड मेगाबिट होतो. २४/९६ ची फाइल साधारण ४.६ मेगाबिट मागते आणि २४/१९२ ची ९.२ मेगाबिट. फ्लॅक हे आकडे बरेच खाली आणते, कारण एकही बिट न गमावता ते फाइल पुष्कळ आटोपशीर करते. बाजारातला सर्वांत स्वस्त १०० मेगाबिटचा स्विचदेखील या गरजेच्या दसपट वाहून नेतो. त्यामुळे इंटरनेटची महागडी योजना घेतल्याने तुमच्या एनएएसवरचे गाणे तसूभरही सुधारणार नाही. ते गाणे घराबाहेर जातच नाही.

संगीताला हवा असतो तो सातत्यपूर्ण पुरवठा. प्लेअर काही सेकंदांचा ध्वनी आधीच मागवून बफरमध्ये ठेवतो. वायफायवर माहितीची पाकिटे हरवली की ती पुन्हा पाठवावी लागतात, आणि या फेरपाठवणीत बफर रिकामा झाला की आवाज तुटतो. संध्याकाळी त्रास वाढतो, यावरून शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी हे कारण संभवते. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारात १, ६ आणि ११ एवढ्या तीनच. तेवढ्यात अख्ख्या इमारतीचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन दाटीवाटीने बसतात.

प्लेअर दिसतो-दिसत नाही, हा मात्र वेगळा आजार वाटतो. त्यासाठी कृपया एवढे सांगावे: इंटरनेटच्या फायबरचा डबा कुठे बसवला आहे, त्याशिवाय स्वतःचा राउटर आहे का, आणि एनएएस, प्लेअर, रास्पबेरी पाय व फोन यांना मिळालेले आयपी पत्ते कोणते?

खर्जाची_तार

फायबरचा डबा मुख्य दरवाजाच्या वर, लाकडी कप्प्यात आहे. त्याचे स्वतःचे वायफाय आहे. पुढे आतल्या खोल्यांत सिग्नल पोहोचेना म्हणून मधल्या पॅसेजमध्ये वेगळा राउटर बसवला. एनएएस डब्यालाच केबलने जोडलेला असून त्याचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो. दिवाणखान्यातला प्लेअर डब्याच्या वायफायवर आहे, त्याचा पत्ताही तसाच. पायचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होतो. त्यावर एनएएसचा पत्ता हाताने लिहून फोल्डर जोडले आहे. फोन दोन्ही वायफाय ओळखतो आणि ज्याचा सिग्नल चांगला त्यावर जातो.

पॅचपॅनल

मग निदान झालेच. तुमच्या घरात एकात एक अशी दोन नेटवर्क नांदत आहेत. डबा १९२.१६८.१ हे नेटवर्क चालवतो, आणि नव्या राउटरने त्याच्या पोटात १९२.१६८.० हे दुसरे उभे केले आहे. पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते, म्हणून याला ‘डबल नॅट’ म्हणतात. वेबसाइट पाहताना याचा काहीच त्रास जाणवत नाही, त्यामुळे अनेक घरांत ही स्थिती वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही.

संगीताचे घोडे इथेच अडते. फोनवरचे अ‍ॅप प्लेअरला शोधते, तेव्हा ते एका विशिष्ट पत्त्यावर न जाता सर्वांना उद्देशून हाक मारते. यूपीएनपी आणि डीएलएनए पद्धतीत ही हाक २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर जाते, तर एअरप्ले आणि क्रोमकास्ट २२४.०.०.२५१ वापरतात. असली हाक सर्वसाधारण राउटर पलीकडे जाऊ देत नाही. तुमचा फोन डब्याच्या वायफायवर असला की प्लेअर दिसतो. पॅसेजमधल्या राउटरवर गेला की नाहीसा होतो. पायवर तुम्ही एनएएसचा पत्ता हाताने लिहिला आहे, म्हणजे तिथे शोधाशोध करावीच लागत नाही, म्हणून ते चालते.

उपाय बिनखर्ची आहे. पॅसेजमधला राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ या मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय पुरवण्याच्या कामावर, टाकावा. तो पर्याय नसेल, तर त्याचे डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे, त्याला डब्याच्या मालिकेतला एखादा मोकळा पत्ता द्यावा आणि डब्याकडून येणारी केबल वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये लावावी. मग पत्ते वाटण्याचे काम एकटा डबा करील आणि सगळी उपकरणे एकाच नेटवर्कमध्ये येतील. उलट मार्गही आहे, म्हणजे डबा ब्रिज मोडमध्ये टाकून (त्याचे राउटरचे काम बंद करून) राउटरला मुख्य करणे. पण त्यासाठी इंटरनेट पुरवठादाराची मनधरणी करावी लागते आणि डब्यावरून लँडलाइन चालत असेल तर ती बंद पडू शकते.

त्यानंतर दोन्ही ठिकाणच्या वायफायला एकच नाव व एकच पासवर्ड द्यावा. एनएएस आणि प्लेअर यांचे पत्ते डब्यात राखून ठेवावेत, म्हणजे वीज जाऊन आली तरी ते बदलणार नाहीत. वायफायच्या सेटिंगमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असेल तर ते बंद करावे. प्लेअर पाहुण्यांसाठीच्या वायफायवर तर कधीच जोडू नये, कारण तिथली उपकरणे एकमेकांना दिसू नयेत अशीच ती रचना असते.

केसिंग_पट्टी

वरील निदानाशी सहमत आहे. आता केबलविषयी, कारण जी वस्तू जागची हलत नाही तिला वायफायवर ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. फोन फिरतो, त्याला वायफाय हवेच. एनएएस, प्लेअर, टीव्ही आणि अ‍ॅक्सेस पॉइंट फिरत नाहीत.

फ्लॅटमध्ये नवी केबल ओढायची म्हटले की लोक भिंत फोडण्याच्या कल्पनेने हबकतात. इमारत फायबरपूर्व काळातली असेल, तर बहुतेक खोल्यांत लँडलाइनसाठी वेगळा पाइप भिंतीत घातलेला असतो. त्यातली जुनी टेलिफोन वायर कापून फेकू नये. तिच्या एका टोकाला नवी लॅन केबल इन्सुलेशन टेपने गच्च बांधावी, जोड निमुळता ठेवावा, आणि एकाने दुसऱ्या खोलीतून जुनी वायर सावकाश ओढत असताना दुसऱ्याने इकडून केबल आत सरकवत राहावी. जुनी वायर बाहेर येते तीच नवी केबल घेऊन. पाइपाला फार वळणे असतील तर मधल्या जंक्शन बॉक्सवर थांबून दोन टप्प्यांत ओढावी. पाइप बुजलेला निघाला, तर छताच्या कडेने पांढरी केसिंग पट्टी मारावी. रंग दिल्यावर ती डोळ्यांत भरत नाही. विजेच्या वायरींच्या पाइपात मात्र लॅन केबल घालू नये. त्यात व्यत्ययाचा प्रश्न आहेच, पण सुरक्षिततेचा त्याहून मोठा आहे.

केबल कॅट ६ घ्यावी. कॅट ५ई असली तरी १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट सहज जातो आणि फ्लॅटमध्ये २५ मीटरही क्वचित लागतात. खरी काळजी घ्यायची ती तांब्याची. स्वस्त गुंडाळ्यांमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास विकली जाते, आणि खोक्यावर मात्र कॅट ६ असे ठसठशीत छापलेले असते. दुकानातच एक तार सोलून ब्लेडने खरवडावी. आतून लालसर दिसली तर तांबे, पांढुरकी चंदेरी दिसली तर मुलामा. मुलाम्याची तार पाइपातल्या वळणावर तुटते आणि सॉकेटच्या खाचेत कालांतराने सैल पडते.

सॉकेट बसवताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवावा, आपल्याकडे सहसा ‘बी’ क्रम वापरतात. जोडणी झाल्यावर एनएएसच्या सेटिंगमध्ये लिंकचा वेग पाहावा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, त्यामुळे तिथे १०० दिसले तर एखादी जोडी नीट बसलेली नाही असे समजावे. गाणे तेवढ्यावरही वाजेल, पण काम कच्चे राहिले आहे हे त्यातून कळते.

मेश_आणि_मी

एवढी खटपट आजच्या काळात आवश्यक आहे का? आमच्या घरी तीन नगांचा मेश संच (एकमेकांशी जोडून घरभर वायफाय पसरवणारे राउटर) आहे, एकही केबल ओढलेली नाही, आणि २४/१९२ विनाखंड वाजते.

पॅचपॅनल

वाजत असेल तर उत्तमच, बदलू नये. मेशचे दोन नग एकमेकांशी वायफायनेच बोलत असतील आणि त्यासाठी त्यांना वेगळा रेडिओ नसेल, तर एकच पाकीट हवेतून दोनदा जाते आणि उपलब्ध वेळ निम्मा होतो. संगीताला वेग थोडाच लागत असल्याने हे बहुधा खपून जाते. गर्दीच्या इमारतीत खपेलच याची खात्री देता येत नाही. मेशचे नग केबलने जोडण्याची सोय बहुतेक संचांत असते, ती वापरावी. आणि ५ गिगाहर्ट्झवर वाहिनी हाताने निवडता येत असेल तर ३६ ते ४८ मधली घ्यावी. ५२ ते १४४ या वाहिन्यांवर रडारचा संकेत जाणवला की राउटरला ती जागा सोडावी लागते, आणि त्या घाईत गाणे थांबते.

परसातली_मैना

न्यू जर्सीतून लिहिते आहे. इकडच्या लाकडी चौकट आणि जिप्सम बोर्डच्या घरांत ५ गिगाहर्ट्झ दोन भिंती सहज ओलांडते, म्हणून इकडचे परीक्षण-लेख वाचून तिकडे राउटर निवडू नये. माहेरी ठाण्याला विटांच्या भिंती आणि आरसीसी कॉलम यांच्यापुढे तोच राउटर अगदी लुळा पडला होता.

कानसेन

केबलच्या शुद्धतेविषयी इतके लिहिले गेले, मग ऑडिओ ग्रेड केबल तेवढी निषिद्ध का? मी स्वतः महागडी लॅन केबल वापरतो, आणि तानपुऱ्याची आस अधिक लांबते, असा माझा अनुभव आहे. कानांवर विश्वास ठेवावा.

पॅचपॅनल

कानसेन, आपल्या कानांचा पूर्ण आदर राखून एक प्रयोग सुचवतो. गाणे चालू असताना प्लेअरची लॅन केबल काढून हातात घ्यावी. बफरमध्ये जेवढे सेकंद साठलेले असतील तेवढा वेळ गाणे चालूच राहील. त्या वेळात तानपुऱ्याची आस आखूड झाली, असे जाणवते का ते पाहावे. केबलमधून स्वर वाहत नाहीत. पाकिटे वाहतात, प्रत्येक पाकिटाची बेरीज (चेकसम) तपासली जाते, आणि बिघडलेले पाकीट टाकून पुन्हा मागवले जाते. पाकीट कधी पोहोचले याच्याशी स्वराच्या वेळेचा संबंध उरत नाही, कारण बफरमधून नमुने बाहेर काढण्याची लय प्लेअरच्या किंवा डॅकच्या (आकड्यांचा ध्वनी करणाऱ्या उपकरणाच्या) घड्याळावर चालते.

एका बाबतीत केबलने ऐकू येण्याजोगा फरक पडू शकतो, आणि तो बहुधा वाईट असतो. धातूचे वेष्टन असलेली आणि दोन्ही टोकांना धातूचे कनेक्टर असलेली केबल स्विच आणि प्लेअर यांच्या पेट्या विजेच्या दृष्टीने एकमेकींना जोडते. घरातले अर्थिंग दोन ठिकाणी कमीजास्त असेल तर स्पीकरमधून बारीक ‘हूं’ असा गुंजारव सुरू होतो. साध्या, वेष्टन नसलेल्या केबलमध्ये हे होत नाही, कारण इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमध्ये आत लहान ट्रान्सफॉर्मर असतात आणि ते दोन्ही बाजू वेगळ्या राखतात. महागड्या केबलींपैकी पुष्कळ वेष्टनवाल्या असतात, एवढे लक्षात असू द्यावे.

कानसेन

प्रयोग करून पाहीन. मत लगेच बदलेल असे नाही.

मिंडेची_खूण

नेटवर्क लावून झाले की खरा डोंगर समोर येतो, तो फाइलींच्या माहितीचा. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांनी याकडे दुर्लक्ष केले तर हजारो फाइली असूनही हवे ते सापडत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

संगीताचे बहुतेक सर्व्हर (फाइलींची सूची करून त्या प्लेअरला पुरवणारे प्रोग्राम) ‘कलाकार, अल्बम, गाणे’ या पाश्चात्त्य पॉप संगीताच्या साच्यावर बेतलेले आहेत. आपण मात्र ‘मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेले सगळे बिहागडे’ किंवा ‘संग्रहातले सगळे जौनपुरी’ असे शोधतो. सीडी उतरवताना इंटरनेटवरून आपोआप येणारी माहिती या कामी जवळपास निरुपयोगी ठरते. किशोरीताईंच्या आडनावाचे रोमन स्पेलिंग एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरे. परिणामी सर्व्हरच्या लेखी त्या दोन गायिका होतात. भीमसेनजींच्या नावाआधी कुठे ‘पंडित’, कुठे ‘पं.’, कुठे काहीच नाही. यमन, कल्याण आणि यमन कल्याण यांची तर अशी सरमिसळ असते की ती ऐकूनच सोडवावी लागते.

फ्लॅकच्या टॅगमध्ये (फाइलीतच साठवलेल्या माहितीच्या नोंदींत) आपल्याला हवे ते नवे रकाने घालता येतात. रकान्याचे नाव रोमन अक्षरांत असावे लागते, पण आतला मजकूर देवनागरीत चालतो. मी राग, ताल, बंदिशीचा मुखडा, तबला, संवादिनी असे रकाने केले आहेत. मिनिमसर्व्हर या सर्व्हरला ‘राग’ या रकान्यानुसार सूची करण्यास सांगता येते. ज्या सर्व्हरमध्ये ही सोय नाही तिथे एक जुगाड चालतो: ‘संगीतकार’ हा रकाना जवळपास प्रत्येक ठिकाणी दिसतो, त्यात रागाचे नाव लिहावे. तत्त्वतः ते अशुद्ध आहे, पण ख्यालाच्या संग्रहात तो रकाना नाहीतरी रिकामाच असतो. आधी नावांची एक वही करावी, प्रत्येक गायकाचे आणि रागाचे एकच लेखन ठरवावे, आणि मगच पहिला टॅग लिहावा. एमपीथ्रीटॅग हा प्रोग्राम नाव एमपीथ्रीचे लावत असला तरी फ्लॅकसाठीही उत्तम आहे.

सर्व्हर आणि प्लेअर निवडताना ‘गॅपलेस’ (दोन ट्रॅकमध्ये खंड न पडणारे) वादन नीट होते का, हे विकत घेण्याआधी तपासावे. मैफलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत यांचे वेगळे ट्रॅक पाडलेले असतात, पण गवई काही तिथे थांबलेला नसतो. काही डीएलएनए प्लेअर प्रत्येक ट्रॅकआधी क्षणभर गप्प होतात, आणि नेमका समेच्या तोंडावर खड्डा पडतो. मी लिरिऑन म्युझिक सर्व्हर वापरतो. स्क्वीझबॉक्स या प्लेअरांसाठी लिहिलेला हा जुना सर्व्हर आहे. लॉजिटेकने २००६ मध्ये मूळ कंपनी घेतली, २०१२ मध्ये ती उपकरणे बंद केली, पण मुक्तस्रोत असल्याने प्रोग्राम टिकला आणि २०२४ मध्ये नव्या नावाने पुढे आला. तो एनएएसवर किंवा जुन्या लॅपटॉपवर बसतो. पायवर पायकोअरप्लेअर हा प्रोग्राम टाकला की दोन्हींचे छान जमते, आणि दोन खोल्यांत एकाच वेळी तेच गाणे लावता येते.

खर्जाची_तार

मिंडेची_खूण, ही माहिती अमूल्य आहे. सीडी उतरवताना एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम वापरतो, पण जुन्या मराठी सीडींच्या बाबतीत अ‍ॅक्युरेटरिप ‘नोंद नाही’ असे सांगते. ती प्रत बरोबर आहे हे कसे ओळखावे? तसेच, जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांची २४/१९२ मधली प्रत मिळाली तर ती साठवावी का?

मिंडेची_खूण

अ‍ॅक्युरेटरिप तुमच्या प्रतीची बेरीज इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीच्या बेरजेशी ताडून पाहते. ती सीडी इतर कोणी नोंदवलीच नसेल तर ताळा लागणार कसा? अशा वेळी त्याच प्रोग्राममधला ‘टेस्ट अँड कॉपी’ हा पर्याय वापरावा. सीडी दोनदा वाचली जाते आणि दोन्ही बेरजा जुळल्या तर प्रत विश्वासार्ह मानता येते. शंका असल्यास दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा वाचावी. फ्लॅकमध्ये मूळ ध्वनीची एमडी५ खूण फाइलीतच साठवलेली असते, त्यामुळे पुढे केव्हाही संग्रह तपासून एखादी फाइल सडली आहे का ते कळते. वेव्ह स्वरूपात ही सोय नाही.

तबकड्यांविषयी: १६ बिट/४४.१ मध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर आणि सुमारे ९६ डेसिबलचा आवाका मावतो. तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या तबकडीवर याच्या जवळपासही काही नसते. पृष्ठभागाची खरखर त्याहून कितीतरी वर असते. खरखर काढण्याचे काम स्वतः करणार असाल तर २४ बिटची प्रत कामाला यावी म्हणून जरूर ठेवावी. नुसते ऐकण्यासाठी तिची गरज नाही. तबकडी योग्य गतीने वाजवली होती का, याची चौकशी आधी करावी, कारण गती चुकली तर पट्टीच बदलते.

खर्जाची_तार

सर्वांच्या सूचनांनुसार काम पूर्ण झाले आहे. पॅसेजमधला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट झाल्यावर प्लेअर फोनवर दिसण्याचा प्रश्न त्याच संध्याकाळी सुटला. टेलिफोनच्या पाइपातून पॅसेजपर्यंत आणि आतल्या खोलीपर्यंत केबल गेली. दिवाणखान्यातला पाइप बुजलेला निघाल्याने तिथे पट्टी मारली. दुकानातल्या पहिल्या गुंडाळीतली तार खरवडल्यावर चंदेरी निघाली, दुसरी तांब्याची मिळाली. एनएएस, प्लेअर आणि पाय आता साध्या पाच पोर्टच्या गिगाबिट स्विचवर आहेत, आणि ९६ किलोहर्ट्झची फाइल आतल्या खोलीत एकदाही तुटलेली नाही. टॅगांची वही सुरू केली आहे.

एक शेवटची शंका. आमच्याकडे गुरुवारी बऱ्याचदा वीज जाते. पाय अचानक बंद पडला तर काही बिघडते का?

केसिंग_पट्टी

बिघडू शकते, लिहिणे चालू असताना वीज गेली तर मेमरी कार्डावरची फाइल-व्यवस्था खराब होते. पायकोअरप्लेअर चालू होताना स्वतःला मेमरीत उतरवून घेतो आणि कार्डावर सहसा लिहीत नाही, म्हणून तो या बाबतीत सुरक्षित आहे. एनएएसला मात्र लहान यूपीएस द्यावाच, आणि तोही यूएसबीने एनएएसला जोडता येणारा, म्हणजे बॅटरी उतरत आली की एनएएस स्वतः शिस्तीत बंद होतो. फायबरचा डबा आणि अ‍ॅक्सेस पॉइंट बहुधा १२ व्होल्टवर चालतात, त्यांना छोटे डीसी यूपीएस पुरतात. घेण्यापूर्वी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर वाचून घ्यावेत. स्विचचा अ‍ॅडॉप्टर पुष्कळदा ५ व्होल्टचा असतो, त्याला चुकूनही १२ ची पिन लावू नये. आणि दोन डिस्कच्या एनएएसला बॅकअप समजू नये: दोन्ही डिस्कवर एकच मजकूर ठेवला असेल, तर एका डिस्कवरून फाइल पुसली की दुसरीवरूनही त्याच क्षणी जाते. सगळ्या फ्लॅक आणि टॅगांची एक प्रत सुट्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या घरी ठेवावी.